डेनिसन स्मॉक रंगवताना: आधी माणूस दिसू दे, मग नक्षी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही १/७२ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, चौदा ब्रिटिश पॅराट्रूपरचे छोटे पुतळे (फिगर) रंगवलेत, सप्टेंबर १९४४ च्या नेदरलँड्समधल्या आर्न्हेमच्या लढाईतले, आणि त्यांचे फोटोही टाकलेत. अंगावरचा डेनिसन स्मॉक (पॅराट्रूपरचा नक्षीदार सैल अंगरखा) जतन केलेल्या मूळ स्मॉकच्या फोटोवरून डाग न् डाग उतरवलात. मोबाइलवर मोठं करून पाहिलं की काम छान दिसतं, पण टेबलावर मांडून दोन पावलं मागे सरकलं की सगळे तपकिरी चिखलाचे गोळे वाटतात. म्हणून तुम्ही हिरव्या आणि तपकिरी रंगाचे नेमके नंबर विचारलेत आणि ०००० चा (अगदी बारीक) ब्रश घ्यावा का, हेही. शिवाय पुढे भारतीय सेनेचा नवा डिजिटल गणवेश रंगवायचा आहे, तिथे हीच पद्धत चालेल का, असाही प्रश्न आहे.

नंबर सांगतो, ब्रशबद्दलही सांगतो. पण तुमची खरी अडचण या दोन्हींत नाही. कॅमो, म्हणजे लपण्यासाठीच्या नक्षीचं, कापड बनवलंच जातं माणसाची आकृती मोडण्यासाठी. खांदा कुठे संपतो, हात छातीपासून कुठे सुटतो, हे लांबून कळू नये म्हणून ते डाग असतात. तुम्ही ते इमानाने उतरवलेत आणि त्यांनी त्यांचं काम चोख केलं, तुमचा सैनिक तुमच्याच टेबलावर हरवला. आपल्याला उलट हवं असतं. चोवीस मिलिमीटरचा माणूस हातभर अंतरावरून माणूस म्हणून कळला पाहिजे, त्याचा वाकलेला गुडघा आणि उचललेली स्टेनगन कळली पाहिजे, आणि त्यानंतर त्याने डेनिसन घातलाय हे कळलं पाहिजे. हा क्रम उलटा झाला की ब्रश कितीही बारीक घ्या, चिखलच होणार.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमच्या फिगर कुठून पाहिल्या जाणार, हा पहिला मुद्दा. वॉरगेमच्या टेबलावर खेळायला असतील तर दोन-तीन फुटांवरून त्या एका नजरेत कळल्या पाहिजेत. काचेच्या कपाटात एकटी उभी राहणारी १/३५ ची फिगर असेल तर पाहणारा नाक काचेला लावून पाहतो, तिथे हिशोब वेगळा. दुसरा मुद्दा स्केलचा आणि तिसरा तुमच्या घरातल्या उजेडाचा. मी पुढे जे सांगतोय ते मुख्यतः टेबलावरच्या १/७२ साठी आहे. मोठ्या स्केलला कुठे बदल करायचा ते जाता जाता सांगेन.

स्केलचं गणित एकदा कागदावर मांडून बघा, बरंच काही सुटतं. १/७२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या कापडावरचे ७२ मिलिमीटर. चांगल्या टोकाच्या ब्रशने हात न थरथरता आपण फार तर ०.३ मिलिमीटरचा ठिपका काढू शकतो. तो खऱ्या कापडावर दोन सेंटीमीटरहून मोठा झाला. म्हणजे त्याहून लहान असलेलं काहीही आपण 'जसंच्या तसं' काढूच शकत नाही, आपण त्याची आठवण करून देतो, इतकंच. डेनिसन या बाबतीत फार दयाळू आहे. त्यावरचे फराटे मोठे आहेत. एखादा फराटा चार बोटं रुंद, म्हणजे सातेक सेंटीमीटर धरा. १/७२ मध्ये तो जवळपास एक मिलिमीटर भरतो, आरामात रंगवता येतो. म्हणूनच, फोटोतला प्रत्येक लहान डाग उतरवण्याचा तुमचा हट्ट इथे सोडून द्या. पूर्ण छातीवर हिरवे तीन-चार आणि तपकिरी तीन-चार फराटे पुरतात. बाहीवर दोन-दोन.

फराटे हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सुरुवातीचे डेनिसन स्मॉक अक्षरशः मोठ्या ब्रशने हाताने रंगवलेले होते. वाळूच्या पिवळट रंगाच्या कापडावर हिरवा आणि तपकिरी. नंतर ते छापले जाऊ लागले तरी नक्षीत ब्रशची ओढ राहिली: फराट्याची एक बाजू भरीव, शेपटाकडे तंतू सुटे झालेले, जिथे रंग संपत आला तिथे खालचं कापड डोकावतंय. सगळ्या कॅमो प्रकारांत मला डेनिसन सर्वांत आवडतो तो यासाठीच. मूळ माणसाने जी क्रिया केली तीच क्रिया आपणही करतो, फक्त बहात्तर पटीने लहान. तेव्हा ठिपके टेकवू नका. ब्रश टेकवा, थोडा ओढा आणि उचला. १/३५ मध्ये हेच करताना ब्रशमधला बहुतेक रंग कागदावर पुसून घ्या, म्हणजे शेपटाचे तंतू आपोआप पडतात.

तुमच्या फोटोत मला सर्वांत खटकलेली गोष्ट आता सांगतो. तुमचे डाग कुठेही कडेला टेकत नाहीत. प्रत्येक डाग खिशाच्या आत, बाहीच्या मधोमध, कॉलरच्या अलीकडे, टिकल्या लावाव्यात तसा सुटा बसवलाय. जवळजवळ प्रत्येक नवा रंगवणारा हे करतो, कारण हात आपोआप कडेला घाबरतो. पण छापील कापडाचा ब्लाउज शिंपी बेततो तेव्हा काय होतं ते आठवा. फूल अर्धं बाहीत जातं, अर्धं कातरीखाली कतरणीत पडतं, शिवणीवर नक्षी जुळत नाही. स्मॉकही शिवलेलाच कपडा आहे. फराटा शिवणीपाशी कापला गेला पाहिजे, खिशाच्या झाकणावर वेगळाच तुकडा आला पाहिजे, पट्ट्याखाली शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आला पाहिजे, बाहीला वळसा घालून मागे गेला पाहिजे. चौदांपैकी एकाच सैनिकावर हे करून बघा. पाच मिनिटांत अंगावरचे डाग जाऊन अंगावरचं कापड दिसायला लागेल.

रंगांकडे येतो. मी व्हॅलेहो मॉडेल कलर वापरतो म्हणून त्यातले नंबर देतो, तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचे असतील तर जवळची छटा घ्या, काही बिघडत नाही. मूळ कापडासाठी खाकी (७०.९८८) आणि इराकी सँड (७०.८१९) निम्मे-निम्मे. हिरव्यासाठी कॅमोफ्लाज ऑलिव्ह ग्रीन (७०.८९४), तपकिरीसाठी जर्मन कॅमो मीडियम ब्राउन (७०.८२६). हिरव्यावर तपकिरी चढतो तिथे खऱ्या कापडावर चौथी, गडद छटा तयार होते. तिच्यासाठी जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउनचा (७०.८२२) एखादाच बारीक फटका. शुद्ध काळा कुठेच नको.

नंबरांपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, मूळ कापड तुम्हाला पटेल त्याहून उजळ ठेवा. त्यावर दोन गडद रंग बसणार आहेत आणि ते उजेड खाणार आहेत. काम संपल्यावर अंगावरचा निदान तिसरा हिस्सा तरी मूळ वाळूचा दिसला पाहिजे, आणि तो खांदे, छातीचा वरचा भाग, बाहीची वरची बाजू इथे जास्त दिसला पाहिजे. दुसरी, हिरव्यात आणि तपकिरीत तोच वाळूचा रंग मिसळून घ्या, चार थेंबांना एक थेंब. तिन्ही रंगांत एक समान धागा येतो आणि ते एकाच कापडाचे वाटतात. शिवाय लहान स्केलला बाटलीतला रंग तसाच लावला की तो आहे त्याहून गडद भासतो, तोही दोष निघतो. तुमच्या फिगरचा चिखल होण्यात या दोन गोष्टींचा वाटा अर्ध्याहून अधिक आहे. तुमचा वाळूचा रंग मध्यम, हिरवा मध्यम-गडद आणि तपकिरी बाटलीतला तसाच. दोन पावलांवरून डोळा त्या तिघांची सरासरी काढतो, आणि ती सरासरी तपकिरी येते.

सगळ्या चौदा जणांना एकच मिश्रण लावू नका, एवढी एक गोष्ट इथेच जोडतो. सुरुवातीच्या स्मॉकचे रंग पक्के नव्हते, धुवून आणि उन्हात फिके पडत. तीन-चार जणांचा पाया थोडा पांढरट, दोघांचा हिरवा जुनकट, एक जण नव्या कोऱ्या स्मॉकमध्ये. तुकडी लगेच जिवंत वाटते.

आता उजेड-सावली, म्हणजे माझ्या मते या प्रश्नाचा गाभा. मी लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवत असे. पिवळा अंगरखा, लाल पगडी, काळी दाढी, बस. तरी ते अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यायचे, कारण प्रत्येक भाग शेजारच्यापेक्षा उजळ तरी होता किंवा गडद तरी. कॅमोच्या फिगरला हा उजेड-गडदाचा फरक कापडाच्या नक्षीतून मिळत नाही, तो आपल्याला शरीराच्या उठावातून आणावा लागतो. म्हणून मी नक्षीच्या आधी फिगर सावलीसकट जवळपास पूर्ण करतो. काळा प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर), त्यावर बरोबर डोक्यावरून पांढऱ्याचा हलका फवारा, की प्रकाश कुठे पडतो ते आपोआप आखलं जातं. मग वाळूचा पातळ थर, घड्यांत थोडा तपकिरी वॉश (खाचांत साचणारा, पाण्यासारखा पातळ रंग), घड्यांच्या माथ्यावर जवळपास क्रीम रंगाची रेघ. या टप्प्यावर फिगर साध्या खाकी स्मॉकमधली वाटते आणि लांबून छान वाचता येते. खात्री करून घ्या, कारण इथे वाचता आली नाही तर पुढे कधीच येणार नाही.

मग त्यावर फराटे, पातळ रंगाने. इतक्या पातळ की खालची सावली आणि उजेड त्यातून किंचित झिरपेल. घडीच्या माथ्यावरून जाणारा हिरवा फराटा तिथे थोडा उजळ आणि घडीत थोडा गडद दिसतो, तुम्ही काही न करता. एवढ्यावर १/७२ चं काम भागतं. २८ मिलिमीटरच्या, म्हणजे थोड्या मोठ्या, फिगरला मी वरून आणखी एक हात फिरवतो: प्रत्येक रंगात थोडा वाळूचा रंग मिसळून त्याच रंगाच्या माथ्यावर बारीक उजळ रेघ. १/३५ मध्ये मात्र क्रम उलटा ठेवतो. तिथे आधी सपाट नक्षी पूर्ण करतो आणि मग घड्यांत गडद ग्लेझचे (पारदर्शक रंगाचे) तीन-चार पातळ थर देतो. मोठ्या पृष्ठभागावर नक्षीखालची सावली पुरेशी वर येत नाही.

सगळं झाल्यावर अख्ख्या फिगरवर गडद वॉश ओतण्याचा मोह टाळा. तुम्ही तसं केल्याचं लिहिलंय. साध्या खाकी गणवेशावर तो वॉश चमत्कार करतो, कॅमोवर तो तिन्ही रंग एका पातळीला आणून ठेवतो. त्याऐवजी बारीक ब्रशने फक्त रेघा ओढा: वेबिंगच्या, म्हणजे सामान अडकवायच्या जाड कापडी पट्ट्यांच्या, खालच्या कडेला, खिशाच्या झाकणाखाली, बाही आणि धड यांच्या मधे. ब्लॅक ब्राउन, दुधाइतका पातळ.

आणि वेबिंग हा तुमचा मोठा मित्र आहे, त्याला विसरू नका. १९३७ पॅटर्नचं वेबिंग ब्लँको (पट्ट्यांना लावायचा रंगीत लेप) लावून फिकट हिरवट-खाकी केलेलं असे. नक्षी नसलेला हा सपाट, उजळ पट्टा छातीवरून आडवा गेला की कुठे छाती, कुठे पोट हे डोळ्याला लगेच कळतं. तेच पँटचं. खाली साधी लोकरी बॅटलड्रेसची पँट आहे, इंग्लिश युनिफॉर्म (७०.९२१) लावा, घड्या ठळक काढा आणि थांबा. कॅमोच्या खाली शांत रंग असला की कॅमोही उठून दिसतो. चेहरा आणि हात नेहमीपेक्षा एक पायरी उजळ ठेवा. मरून बेरे घातलेले एक-दोघे असतील तर तो रंगही स्वच्छ राहू द्या, त्यात तपकिरी मिसळू नका. डोळा सर्वांत आधी तिथेच जातो.

ब्रश ०००० चा घेऊ नका. त्याच्या पोटात रंग मावत नाही, फिगरपर्यंत पोचेतो टोकावर सुकतो आणि मग तुम्ही दाब देता. चांगल्या केसांचा १ नंबरचा ब्रश, टोक टाचणीसारखं जुळणारा, याने मी डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा काढतो. पैसे ब्रशात घाला, नंबरांत नाही. पॅलेटवर ओला टिश्यू आणि त्यावर बेकिंग पेपर अंथरलात की पातळ केलेला रंग एप्रिलच्या उन्हाळ्यातसुद्धा तासन्‌तास टिकतो. आणि एक सवय लावून घ्या. चौदांवर आधी फक्त हिरवे फराटे, मग चौदांवर तपकिरी. तिसऱ्या-चौथ्या फिगरपर्यंत हात बसतो आणि फराट्यांना एक लय येते. तो हात फिगरवर बसवण्याआधी प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर बसवा, चमच्याचा फुगवटा छातीसारखाच असतो.

फिगर मऊ प्लास्टिकच्या असतील तर त्या आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवून घ्या, नाहीतर बंदुकीच्या नळीवरचा रंग पहिल्याच आठवड्यात सुटेल. आणि मॅट वॉर्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका, हे जीव तोडून सांगतो. पुण्यात एका जुलैत, बाहेर सरी चालू असताना, मी आठ पूर्ण झालेल्या फिगरवर स्प्रे मारला. दहा मिनिटांत सगळ्यांवर पांढरी धुरकट साय आली. महिन्याभराचं काम होतं. शेवटी त्या वाचल्या: कोरड्या दिवशी ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा एक थर दिला, धुरकटपणा बराचसा विरला, मग त्यावर पुन्हा मॅट, तोही ब्रशनेच. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी स्प्रेच्या डब्याला हात लावत नाही.

आता दुसरे प्रकार. डेनिसनची पद्धत मोठ्या नक्षीच्या कॅमोला थेट चालते. जर्मन स्प्लिंटर नक्षीला जवळपास चालते, फक्त फराट्यांऐवजी टोकदार कोनांचे तुकडे, आणि त्यावरच्या पावसासारख्या बारीक रेघा १/७२ मध्ये सरळ सोडून द्या. १९४४ च्या जर्मन 'मटार' नक्षीला मात्र ती चालत नाही. मटाराचा दाणा आठ मिलिमीटरचा धरला तर १/७२ मध्ये तो ०.११ मिलिमीटर होतो, म्हणजे डोक्याच्या केसाइतका. तिथे मी आधी गडद तपकिरी पाया देतो, त्यावर ढगांसारखे दोन-तीन मध्यम रंगाचे पुंजके आणि फक्त उजेडाच्या जागी मोजके फिकट ठिपके टाकतो, अंगभर वीस-पंचवीस. सावलीतल्या भागात एकही नाही. पाहणारा उरलेले ठिपके मनानेच भरतो.

भारतीय सेनेचा नवा गणवेश १५ जानेवारी २०२२ ला, सेना दिनाच्या संचलनात, पॅराशूट रेजिमेंटच्या कमांडोंच्या अंगावर पहिल्यांदा लोकांसमोर आला. निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) मदतीने तो तयार झाला आहे. ऑलिव्ह आणि मातकट छटा, कडा चौकोनी पिक्सेलच्या. इथे चौकोन काढत बसू नका. पिक्सेलची नक्षी पाच पावलांवरून तशीही मऊ डागांसारखीच दिसते. १/७२ मध्ये साधे आडवे-उभे तुटक डाग द्या, कडा गोल होऊ देऊ नका, बस. १/३५ मध्ये बारीक चपट्या टोकाचा ब्रश घ्या, जुन्या ब्रशचं टोक धारदार ब्लेडने सरळ कापलं तरी चालतं. मोठ्या डागाच्या कडेला त्याने तीन-चार चौकोनी टेकणी द्या, एखाद-दुसरं डागापासून सुटं पडलेलं. छटा एकमेकींच्या फार जवळ आहेत, म्हणून इथे उजेड-सावलीवर डेनिसनपेक्षाही जास्त मेहनत घ्यावी लागेल. तुम्ही डेनिसनपासून सुरुवात केलीत हे चांगलंच झालं.

राहिले तुमचे आत्ताचे चौदा. ते खरवडून पुन्हा सुरू करू नका, गरज नाही. मूळ वाळूच्या रंगात थोडा पांढरा मिसळा आणि खांदे, कोपर, छातीचा वरचा भाग इथल्या घड्यांच्या माथ्यांवर, वाळूच्याच तुकड्यांत, हलक्या हाताने तो लावा. हिरव्या-तपकिरीला हात लावू नका. मग पाच-सहा डाग निवडून त्यांना ओढून शिवणीपर्यंत, पट्ट्याखाली पोचवा. वेबिंग पुन्हा एकदा उजळ करा आणि त्याच्या खालच्या कडेला गडद रेघ ओढा. एका फिगरला वीसेक मिनिटं लागतील. पहिली झाली की तिला उरलेल्या तेरांमध्ये उभी करा आणि मोबाइल बाजूला ठेवून खोलीच्या दारातून बघा. ती वेगळी ओळखू आली तर बाकीच्यांना हात घाला. नाही आली तर दारातूनच एक फोटो काढून इथे टाका, कुठे अडलंय ते बघून सांगतो.